नव्याण्णव रुपये नव्याण्णव पैसे

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, पत्र्याखालच्या ऑफिसात,
जिथं एप्रिलमध्ये कीबोर्डसुद्धा बोटाला चटका देतो,
मी पगाराचा प्रोग्राम लिहिला.
टॉवेलच्या कडा शिवायच्या, नगाला ठरलेला दर,
आणि डाग नसेल, टाका सुटला नसेल
तर नगामागं दहा पैसे जादा.
शून्य पूर्णांक एक दशांश.
रकाना केला फ्लोट.
विचार करून नाही. हाताला सवय होती.

राजव्वा गुंडेटी स्लिप घेऊन आली,
केसांत सुताचा कापूस, कानावर खडू.
"हजार नग झाले माझे. एकाला डाग नाही.
शंभर पायजेत की.
हे नव्याण्णव नव्याण्णव काय लिवलंय?
मी काय चपलेच्या दुकानातली पाटी हाय?"

शेठ हसले. म्हणाले, एका पैशाचं काय घेऊन बसलीस,
पैशाचं नाणं तरी कुणी बघितलंय आता?
ती हसली नाही.
"नाणं नसंल. माझा टॉवेल होता."

मी स्क्रीनवर दशांश दहा वेळा मिळवला.
रुपया भरला नाही.
शून्य, टिंब, आणि मग नऊ नऊ नऊ नऊ,
मागावर लांबच लांब ताणलेल्या ताण्यासारखे,
आणि दोन घरांच्या पुढं मीच कात्री चालवलेली.

दर शनिवारी जुन्या वह्या बघायला येतात
अंबादास चिलका, एकेकाळचे दिवाणजी.
त्यांना सांगितलं, मशीनला निम्मं कळतं,
निम्म्याचं निम्मं कळतं, पुन्हा त्याचं निम्मं कळतं,
दहावा हिस्सा कळत नाही.
चष्मा काढून पुसत राहिले बराच वेळ.
मग बोटांवर मोजायला लागले, दाजी पेठेतल्या शाळेत
उभं राहून म्हणायचे तसे:
रुपया. अधेली. पावली. चवली.
आणा. ढब्बू. पैसा.
"प्रत्येक आधीच्याच्या निम्मा. बघ.
म्हणजे तुझं हे मशीन अजून आण्यांत मोजतंय, पोरी.
सत्तावन्न साली नवे पैसे आले,
ते त्याला कुणी सांगितलंच नाही."

मी कागद ओढला.
दहा नवे पैसे, जुन्या नाण्यांत.
एक आणा ठेवला. एक ढब्बू ठेवला.
उरलं ते पैशापेक्षा लहान.
त्या पैशाची पाव ठेवली, पावेची निम ठेवली,
तरी उरलंच.
नाणी संपली, उरणं संपेना.
दिवाणजी म्हणाले, पावकी, निमकी, पाऊणकी
छड्या खाऊन पाठ केली होती आम्ही,
दशांशकी म्हणून काही नव्हतंच.

त्या रात्री माग बंद झाल्यावर
(माग बंद झाले की इथं कानात शांतता वाजते)
मी रकान्याचा प्रकार बदलला.
डेसिमल. बारा आकडे, त्यातले दोन टिंबानंतर.
आता प्रत्येक आकडा आपापल्या घरात बसतो,
पाटीवर लिहावा तसा, लिहिला तेवढाच.
हजार वेळा दहा पैसे. शंभर.
पुन्हा चालवलं. शंभर.
एकटीच होते, म्हणून मोठ्यानं म्हटलं.

मागचं राहिलं होतं.
चौदा महिन्यांच्या नोंदी परत उघडून
नग मोजले, फ्लोटवर विश्वास न ठेवता.
राजव्वाचे निघाले चौदा पैसे.
बाकीच्या तेवीस बायकांचे कुणाचे नऊ, कुणाचे अकरा,
आणि एकीचे, महादेवी कोळीचे, उलटेच:
तिला दोन पैसे जास्त गेले होते. कसे, ते सापडलं नाही अजून.
शेठनी सही केली,
सही करताना माझ्याकडं पाहिलं नाही.

सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत,
कडक भाकरी, शेंगाचटणी, पाण्याचा तांब्या,
राजव्वाचा फोन टिंग वाजला.
तिनं तो लांब धरला, डोळे बारीक केले,
बँकेचा मेसेज आधी मराठीत वाचला,
मग शेजारणीसाठी तेलुगूत, एकेक अक्षर सुटं करून:
"पद्नालुगु पैसलु."
आणि चटणीची बोटं पदराला पुसून
मला विचारलं,
"आता बरोबर मोजतंय का,
का मीच मोजत ऱ्हाऊ?"

मी म्हटलं,
तुम्ही मोजत राहा.